हवेच्या बंदुकीवरील दुर्बीण : कायदेशीर स्थिती (कोकण किनारा)

नेम धरण्यासाठी बंदुकीच्या नळीवर बसवायची लहान दुर्बीण, बोलण्यात ‘स्कोप’. कोकणात हवेच्या बंदुकीला ‘एअरगन’ किंवा ‘छर्ऱ्याची बंदूक’ म्हणतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत हौसेखातर घरी जुळवलेल्या अशा बंदुकीसाठी दुर्बीण बाळगण्याच्या कायदेशीर बाजूपुरतीच ही नोंद मर्यादित आहे.

शब्द व पूर्वेतिहास : ‘दुर्बीण’ हा शब्द फारसी ‘दूरबीन’वरून आला, यात वाद नाही. वाद ‘बंदूक’ या शब्दाचा. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे एक टणक कवचफळ. त्यावरून तेवढ्या आकाराची गोळी आणि पुढे ती फेकणारे हत्यार, असा अर्थविस्तार बहुतेक कोशकार मानतात व फळाच्या नावाचे मूळ काळ्या समुद्राकाठच्या पोंतुस प्रदेशाच्या ग्रीक नावात शोधतात. दुसरे मत व्हेनिसच्या ‘अल्-बुंदुकीया’ या अरबी नावाशी नाते जोडते. पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण गोळी फेकणाऱ्या धनुष्याला हा शब्द दारूगोळ्याच्या बंदुकीआधीच लागत होता. म्हणजे दारू हे बंदुकीचे मूळ लक्षणच नव्हे. हा मुद्दा केवळ कोशातला नाही. पुढे दिसेल त्याप्रमाणे कायद्याची व्याख्याही तिथेच येऊन थांबते.

हवेची बंदूक दुर्बिणीच्या नेमापेक्षा जुनी. ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरांदोनीची हवेची बंदूक साधारण १७८० च्या सुमारास आली. बंदुकीवरच्या वापरण्याजोग्या दुर्बिणीचे श्रेय सहसा अमेरिकेतील जॉन चॅपमन व मॉर्गन जेम्स यांना, १८३५ ते १८४० या काळासाठी, दिले जाते. विल्यम माल्कमच्या रंगदोष कमी केलेल्या दुर्बिणी १८५५ च्या आसपासच्या. कोकणातील घरांत मात्र जुनी ओळख ठासणीच्या बंदुकीची, आणि तिला मागची खाच व पुढची माशी एवढेच नेमाचे साधन.

शस्त्र कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील अग्निशस्त्राच्या व्याख्येत स्फोटकाच्या ‘किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या’ जोरावर प्रक्षेप्य फेकणारे शस्त्र येते. दाबलेली हवा ही अशीच ऊर्जा. त्यामुळे ‘हवेची बंदूक म्हणजे खेळणे’ ही गावोगावची समजूत कायद्याला धरून नाही. ती परवान्याविना बाळगता येते ती सवलतीमुळे. पूर्वी एक इंच जाडीची लाकडी फळी छर्रा पार करतो की नाही, ही सवलतीची कसोटी होती. शस्त्र नियम, २०१६ ने मोजमाप आणले : नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा किंवा छिद्राचा व्यास ४.५ मिमी (०.१७७ इंच) पेक्षा अधिक असल्यास परवाना लागतो. साधारण अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला २० ज्यूल गाठण्यासाठी सेकंदाला सुमारे २८३ मीटर वेग लागतो. ५.५ मिमीची बंदूक कितीही दुबळी असली तरी व्यासामुळेच सवलतीबाहेर जाते.

दुर्बिणीचे काय? याच व्याख्येत उपसाधनांपैकी आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी साधने नाव घेऊन अग्निशस्त्रात धरली आहेत. नेमाच्या दुर्बिणीचा तसा उल्लेख नाही. ‘सुटे भाग’ या शब्दांत ती ओढता येईल, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण दुर्बीण काढली तरी बंदूक चालतेच, म्हणून तिला भाग न मानता जोड मानणे अधिक योग्य. आयात-निर्यातीच्या वर्गीकरणाचा कौलही तसाच आहे : शस्त्रांच्या ९३ व्या प्रकरणाच्या टिपेनुसार सुटी आलेली नेमाची दुर्बीण ९० व्या, म्हणजे प्रकाशीय उपकरणांच्या, प्रकरणात जाते, बंदुकीवर बसवलेली किंवा तिच्याच सोबत आलेली असली तरच ती शस्त्राच्या खात्यात मोजतात. सायलेन्सर आणि स्कोप एकाच पाकिटात मागवणाऱ्या हौशी तरुणाने हा फरक जिवापाड लक्षात ठेवावा. पहिली वस्तू कायद्याने अग्निशस्त्र आहे.

खरी अडचण भिंगाची नसून घरगुती बंदुकीची आहे. कलम ५ मध्ये विनापरवाना विक्रीबरोबरच शस्त्र तयार करणे, त्याचे रूपांतर, दुरुस्ती व चाचणी हेही येते. बाळगण्याची सवलत तयार करण्यालाही लागू आहे, असे गृहीत धरणे धोक्याचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या भंगाला किमान सात वर्षे व कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. दुर्बिणीने ऊर्जा तसूभर वाढत नाही. पण घरी जोडलेल्या नळीची ऊर्जा कोणी मोजलेलीच नसते, आणि तिच्यावर स्कोप असला की ‘नुसता खेळ’ हे म्हणणे पटवणे अवघड होते.

वन्यजीव कायदा : कोकणात हा भाग अधिक महत्त्वाचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात शिकारीचा प्रयत्नही येतो आणि ‘हत्यार’ या शब्दात प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन. तिथे ज्यूलची मर्यादा नाही. पिकलेल्या उंबरावर उतरलेला हरियाल (राज्यपक्षी) खालून पानांत पान होऊन जातो, डोळ्यांना दिसतच नाही. चारपट मोठे दाखवणाऱ्या भिंगात त्याचे पिवळे पाय स्वच्छ दिसतात. हवेच्या बंदुकीवर दुर्बीण चढते तेव्हा प्रत्यक्षात बदलते ते एवढेच, आणि हे बदलणे लहान नाही.

कलम ३४ फारसे कोणाला माहीत नसते. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नावनोंदणी करायची असते आणि त्यात शस्त्र कायद्यातून सूट मिळालेले शस्त्रधारकही स्पष्टपणे घेतले आहेत. फणसाड (१९८६, पूर्वीचे जंजिरा संस्थानचे शिकारीचे राखीव रान), कर्नाळा ही अभयारण्ये लक्षात घेता काशीदसारखी गावे या कक्षेत येतात. मालवणचे सागरी अभयारण्य (१९८७) समुद्रातले असले तरी कलमाचे शब्द तसेच घेतल्यास मालवण शहरही सुटत नाही.

शेती-संरक्षण : माकडे व रानडुकरांचा आंबा-नारळाला होणारा उपद्रव खरा आहे, बागायतदाराची तक्रारही खरी. त्यासाठी शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी वाट आहे. ती वन्यजीव कायद्यातून सूट देत नाही. घरगुती एअरगन या वाटेत बसत नाही.

तांत्रिक टीप : स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढताच दट्ट्या पुढे धावतो. बंदूक आधी मागे सरकते आणि दट्ट्या आदळताच पुढे झटका खाते. दारूच्या रायफलीसाठी केलेल्या दुर्बिणीची भिंगे या उलट्या झटक्याने सैल होतात. पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेने भिंगांच्या आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात, ते बाहेरून पुसून जात नाहीत.

जत्रेतील फुगे फोडण्याच्या बंदुकांवर दुर्बीण नसते. आंतरराष्ट्रीय नियमांच्या १० मीटर एअर रायफल स्पर्धेतही ती चालत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा मधला ठिपका खेळाडूने छिद्राच्या नेमातूनच साधायचा असतो.