मॅग्नेशियमचे बूच

एखाद्या जुन्या प्रसंगावरून दोन भावंडांत वाद सुरू झाला की दोघेही शेवटी एकाच वाक्यावर येतात: ‘मला ते अगदी काल घडल्यासारखे आठवते.’ दोघांच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत, दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते, आणि आठवण स्पष्ट आहे म्हणजे ती खरी आहे, हे मात्र दोघांनाही मान्य असते. मेंदूत आठवणींच्या चित्रफिती जपून ठेवलेल्या असतात आणि आठवणे म्हणजे हवी ती फीत पुन्हा लावणे, अशी ही समजूत आहे. ती चुकीची आहे.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकेतील एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून ही बातमी कुठे, कोणाकडून आणि काय करत असताना कळली, हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा ११ जणांचे एकही मुख्य उत्तर पहिल्याशी जुळले नाही. अनेकांची खात्री मात्र पक्की होती, आणि स्वतःच्या हस्ताक्षरातील जुना कागद समोर ठेवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही.

असे का होते हे समजण्यासाठी आठवण नोंदली कशी जाते ते पाहावे लागते, आणि येथे वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण मेंदूतील मला सर्वांत सुंदर वाटणारी यंत्रणा येथेच आहे. दोन चेतापेशी जेथे भेटतात त्या चेतासंधीत एक सूक्ष्म फट असते. पहिली पेशी त्या फटीत ग्लुटामेट हे रसायन सोडते आणि दुसऱ्या पेशीच्या आवरणावरील ग्राही प्रथिने ते टिपतात. यांतील ‘अँपा’ जातीचे ग्राही साधे आहेत: ग्लुटामेट चिकटले की दार उघडते, सोडियमचे आयन आत शिरतात आणि पेशी किंचित उत्तेजित होते. ‘एनएमडीए’ जातीच्या ग्राहीचे तसे नाही. त्याच्या दारात मॅग्नेशियमचा एक आयन बुचासारखा अडकून बसलेला असतो, त्यामुळे ग्लुटामेट चिकटले तरी वाट मोकळी होत नाही. विश्रांतीत पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो आणि हा ऋणभारच त्या धनभारित बुचाला आत खेचून धरतो. दुसरी पेशी आधीच जोरात उत्तेजित झालेली असेल, तरच हा ऋणभार कमी होऊन बूच निसटते. म्हणजे पहिली पेशी बोलली आणि त्याच क्षणी दुसरीही जागी होती, या दोन्ही अटी एकत्र पुऱ्या झाल्यावरच हे दार उघडते. दोन घटना एकत्र घडल्या, ही नोंद करणारे इतके साधे आणि इतके अचूक साधन एकाच रेणूत असावे, याचे मला आजही नवल वाटते.

दार उघडले की कॅल्शियम आत शिरते आणि काही विकरांना जागे करते. ती विकरे त्या चेतासंधीवर आणखी अँपा ग्राही आणून बसवतात, त्यामुळे पुढच्या वेळी तोच संदेश अधिक जोरात पोहोचतो. टिमथी ब्लिस आणि टेर्जे लोमो यांनी १९७३ मध्ये सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी नोंदणाऱ्या भागात, चेतासंधींचे असे बळकट होणे तासन्‌तास टिकते, हे दाखवून दिले. ते दिवसांपर्यंत टिकवायचे तर पेशीला नवी प्रथिने तयार करावी लागतात.

भावनेचे काम येथे सुरू होते. भीती किंवा उत्तेजना वाटली की अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनलिन स्रवते. ते स्वतः मेंदूत फारसे शिरू शकत नाही, परंतु त्याची वार्ता व्हेगस चेतेमार्गे मेंदूच्या खोडापर्यंत पोहोचते, आणि तेथून अमिग्डालात, म्हणजे मेंदूच्या भीतीसारख्या भावना हाताळणाऱ्या भागात, नॉरॲड्रेनलिन हे ॲड्रेनलिनसारखेच रसायन सोडले जाते. अमिग्डाला मग हिप्पोकॅम्पसमधील नोंद अधिक घट्ट करून घेते. लॅरी केहिल आणि जेम्स मॅकगॉ यांनी १९९४ मध्ये काही जणांना प्रोप्रॅनोलॉल हे ॲड्रेनलिनचा परिणाम रोखणारे औषध देऊन एक कथा चित्रांसह सांगितली. त्यांना कथेतील साधा भाग इतरांइतकाच आठवला, परंतु हृदयद्रावक भाग एरवी जितका जास्त लक्षात राहतो तितका राहिला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकदा पक्की झालेली आठवण कायम पक्कीच राहते, असे शास्त्रज्ञही दीर्घकाळ धरून चालले होते. २००० साली करीम नादर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांनी उंदरांना एक ध्वनी ऐकवून सौम्य विजेचा झटका दिला, त्यामुळे तो ध्वनी ऐकला की उंदीर भीतीने थिजू लागले. नंतरच्या दिवशी तो ध्वनी एकदाच ऐकवून लगेच त्यांच्या अमिग्डालात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध टोचले. चार तासांनी उंदीर पूर्वीसारखेच घाबरत होते, परंतु दुसऱ्या दिवशी त्यांची भीती बरीच ओसरली होती. ध्वनी न ऐकवता तेच औषध दिले, तर काहीही बदलले नाही. याचा अर्थ असा की स्मरणाने ती आठवण सैल झाली होती आणि टिकण्यासाठी तिला नव्या प्रथिनांनी पुन्हा बांधून घ्यावे लागणार होते. या सैल होण्यासाठीही एनएमडीए ग्राहीच लागतात, हे नादर यांच्याच प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवले: ते ग्राही आधी रोखले, तर प्रथिने अडवूनही आठवण शाबूत राहिली.

अशी सैल झालेली आठवण पुन्हा बांधली जाताना तिच्यात बदल शिरू शकतो. म्हणूनच संमोहनात ‘पूर्वजन्मीच्या आठवणी’ जागवून देणाऱ्यांचे दावे विज्ञानाला मान्य होण्यासारखे नाहीत. नुसत्या शब्दांनीही न पाहिलेले दृश्य आठवणीत शिरते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवून काहींना ‘गाड्या आदळल्या तेव्हा वेग किती होता’ आणि इतरांना ‘गाड्या धडकल्या तेव्हा’ असे, म्हणजे एकाच क्रियेसाठी जहाल आणि सौम्य शब्द वापरून विचारले. आठवड्यानंतर फुटलेली काच पाहिल्याचे पहिल्या गटातील ५० पैकी १६ जणांनी सांगितले, दुसऱ्यातील केवळ ७ जणांनी. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. संमोहनात तर सूचना मान्य करण्याची तयारी आणखी वाढलेली असते, आणि भावनेचा ओलावा लागल्यावर अशी रचलेली आठवणही खरीइतकीच ठसठशीत वाटते.

याच्या उलट टोकाला, एका गोळीने दुःखद आठवणी पुसण्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि त्यांकडेही तितक्याच सावधपणे पाहिले पाहिजे. स्मरण होत असताना प्रोप्रॅनोलॉल देण्याच्या माणसांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. शिवाय प्रत्येक आठवण प्रत्येक स्मरणाने सैल होत नाही. जुन्या आणि खोलवर रुजलेल्या आठवणी सहसा दाद देत नाहीत, आणि स्मरणाच्या वेळी अपेक्षेपेक्षा वेगळे काहीच घडले नाही, तर आठवण बहुधा सैल होतच नाही.