साडेबारा टक्क्यांच्या मागचा कायदा

विधिशास्त्राच्या अभ्यासात कायद्याची चिकित्सा करणारे विचार बहुधा शेवटी येतात आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतात. नवी मुंबईत राहून असे व्हावे, हे नवल आहे.

१८९७ मध्ये अमेरिकी न्यायाधीश ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी कायदा म्हणजे न्यायालये प्रत्यक्षात काय करतील याचे भाकीत, अशी मांडणी केली. पुढे न्यायालयांच्या प्रत्यक्ष वागण्यावर भर देणाऱ्या अमेरिकी वास्तववाद्यांनी ती वाढवली आणि १९७७ मध्ये अमेरिकेतील मॅडिसन येथील परिषदेतून चिकित्सक विधि-अभ्यासाची चळवळ उभी राहिली. या चळवळीतील डंकन केनेडी, उंगर आदींचे म्हणणे असे की, नियमांच्या पोटात परस्परविरोधी तत्त्वे असतात आणि त्यांतून होणारी निवड राजकीय असते. आपल्याकडे मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवरील पोलीस ठाण्यातील बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले; त्या निकालावर १९७९ मध्ये कायद्याचे अभ्यासक उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सर्वोच्च न्यायालयाला खुले पत्र लिहिले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या आंदोलनाची परिणती १९८३ च्या फौजदारी कायदादुरुस्तीत झाली.

ठाणे-बेलापूर, पनवेल आणि उरण पट्ट्यात मात्र नियमामागे कोणाची निवड असते, हाच प्रश्न पुस्तकाविना उभा राहिला. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे शासकीय महामंडळ स्थापन झाले आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी निश्चित झाल्या. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यानुसार जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी हवी आहे, ही शासनाची घोषणाच कलम ६ खाली निर्णायक पुरावा मानली जाई. शेतकऱ्याला कलम १८ खाली दाद मागता येई ती मुख्यतः मोबदल्याची. म्हणजे भावाची तक्रार कायद्याला ऐकू येत होती, प्रयोजनाची जवळपास नाहीच. खाडीत मासेमारी करणाऱ्याच्या नावावर तर सातबाराही नव्हता, त्यामुळे निवाड्यात त्याचे नुकसान मोजायचे तरी कशाच्या आधारे?

जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील स्वतः वकील होते, तरीही संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना १९९० मध्ये आली ती शासन निर्णयाने, कोर्टाच्या निकालाने नव्हे.

भूसंपादनाच्या सामाजिक परिणामांचे मूल्यमापन कायद्यात यायला १ जानेवारी २०१४ उजाडले. मधल्या काळात कुटुंबे वाढली, गावठाणे अपुरी पडली आणि प्रकल्पग्रस्तांनी बांधलेली घरे कागदोपत्री अनधिकृत ठरली. पुढे शासन निर्णयांतच त्यांच्यासाठी ‘गरजेपोटी’ हा शब्द आला.