भातावरचा आरोप आणि खड्ड्यातली माती

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका बलाढ्य कामगार महासंघाने चिनी मजुरांविरुद्ध पुस्तिका काढली. मथळाच होता ‘मांस विरुद्ध भात’. भातावर भागवणारा चिनी माणूस मांस खाणाऱ्या गोऱ्या कामगाराची मजुरी पाडतो, असा आरोप. ही माणसे खरोखर काय जेवत होती, याचा पुरावा मात्र कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे शहराखाली पुरलेला होता.

तिथल्या मार्केट स्ट्रीटवर चिनी वस्ती होती. 4 मे 1887 रोजी ती आग लावून जाळण्यात आली. 1985-86 मध्ये शहराच्या पुनर्विकासासाठी खोदकाम सुरू झाले, तेव्हा घाईघाईत तिथले कचऱ्याचे खड्डे उकरले गेले. सापडलेल्या वस्तू खोक्यांत पडून राहिल्या. 2002 पासून स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यांचा नीट अभ्यास सुरू केला.

अशा खड्ड्यांतली माती पाण्यात ढवळतात. जळून कोळसा झालेले दाणे आणि बिया वर तरंगतात; त्या बारीक चाळणीत धरून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. मार्केट स्ट्रीटच्या अवशेषांत कारले, कोहळा, लिची होती, तशीच अंजिरे आणि द्राक्षेही. म्हणजे गावाकडची चव सुटली नव्हती आणि कॅलिफोर्नियाची फळेही ताटात आली होती. हाडांमध्ये डुकराची भरपूर, शिवाय गाईगुरांची. मांसच खात नाहीत म्हणून ज्यांना हिणवले, त्यांच्या उकिरड्यात ही हाडे!

बियांची नुसती मोजदाद केली तर मात्र फसगत होते. अंजिराच्या बिया पोटातून अख्ख्या बाहेर पडतात, म्हणून शौचखड्ड्यांत त्यांचा खच सापडू शकतो. शिजलेला भात कुजून जातो. चुलीत सांडून करपलेला दाणाच काय तो टिकतो. पालेभाजी बी धरण्याआधीच खुडली जाते, टोफूचे तर काहीच उरत नाही. त्यामुळे ज्या भातावरून एवढे रान उठवले, त्याच्याच खुणा मातीत तुटपुंज्या.

माशांच्या हाडांनी तर नकाशाच रुंदावला. स्थानिक माशांबरोबर चीनच्या किनाऱ्यावरचे खारवलेले मासे होतेच. पण आपल्या मरळीच्या कुळातला, आग्नेय आशियातल्या नद्यांत वाढणारा एक मोठा मासाही निघाला. या स्वयंपाकघरांचा माल एकट्या चीनमधून येत नव्हता. त्यामागे आशियाच्या कितीतरी बंदरांना जोडणारा व्यापार होता.