बफरच्या काठावर तुटलेलं अक्षर

महाप्याच्या आमच्या ऑफिसात गेल्या जूनमध्ये एक नवी मुलगी रुजू झाली. पहिलंच काम मिळालं ते नावं-पत्त्यांची एक मोठी मराठी फाइल वाचून डेटाबेसात भरायचं. लॅपटॉपवर तिची छोटी नमुना फाइल सुरळीत गेली. सर्व्हरवर खरी फाइल चालवली आणि मधूनच एखाद्या नावात काळ्या शंकरपाळ्यातलं प्रश्नचिन्ह उमटायला लागलं. ऐरोली नीट, घणसोली नीट, आणि मग कुठेतरी ‘ठाणे’मधला ‘णे’ गायब. शिवाय यादीच्या अगदी शेवटी, आधी येऊन गेलेली काही नावं पुन्हा हजर. माहिती देणाऱ्यांवर खापर फोडून ती मोकळी झाली नाही, हे मला फार आवडलं. अक्षरं जिथे तुटली तिथपर्यंतचे बाइट (संगणकातल्या माहितीचं लहान एकक) तिने मोजले आणि आकडे कागदावर लिहून आणले: ८१९२, २४५७६, ३२७६८. सगळे ८१९२च्या पटीत.

तिच्या कोडमध्ये ८१९२ बाइटचा एक बफर, म्हणजे येणारी माहिती तात्पुरती ठेवायची जागा, होता. स्ट्रीममधून, म्हणजे फाइलमधून येणाऱ्या बाइटांच्या प्रवाहातून, तो भरायचा, भरला की त्याची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचा मजकूर, करायची, पुन्हा भरायचा. वाचायला सरळ. पण त्यात दोन चुका होत्या आणि दोन्हींचं मूळ तिच्या जन्माच्या कितीतरी आधी घेतलेल्या निर्णयांत होतं. ठाण्याला परतताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत मी तिला ते सांगत गेले. गाडीत जे राहिलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

बफर ही कल्पना ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा जुनी आहे. युनिव्हॅक-१ हे यंत्र १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना विभागाला मिळालं. हिशेब करणारा भाग इलेक्ट्रॉनिक होता, पण माहिती यायची ती फिरणाऱ्या टेपवरून. टेपला वेग घ्यायला वेळ लागतो, थांबायलाही लागतो. एकेक अक्षर मागत बसलं तर बाकीचं यंत्र नुसतं ताटकळत राहणार. म्हणून टेपवर ७२० अक्षरांचे ब्लॉक ठेवले आणि तेवढाच ऐवज मावेल अशी, प्रत्येकी १२ अक्षरांच्या ६० शब्दांची, वेगळी जागा यंत्रात दिली. पुढचा ब्लॉक तिथे उतरत असताना मागच्या ब्लॉकवर हिशेब चालू.

आमच्या ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत हीच व्यवस्था दिसते. पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि खालच्या टाकीत पडतं. पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि तिसऱ्या मजल्यावरचा नळ दुपारी तीनलाही सोडता येतो. येणाऱ्याची लय वेगळी, वापरणाऱ्याची वेगळी. टाकी मध्ये असली की कुणाचं कुणावाचून अडत नाही.

पण त्या काळच्या टाकीला एक शिस्त होती, जी आज आपल्याकडे नाही. १९२८ मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचं पंच कार्ड आणलं आणि पुढची कित्येक दशकं माहितीचं एकक ते कार्डच राहिलं. ‘बाइट’ हा शब्द वर्नर बुखहोल्त्स यांनी १९५६ मध्ये, आयबीएमच्या स्ट्रेच यंत्राची आखणी चालू असताना घडवला. ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० ने आठ बिटांचा बाइट रूढ केला. तरीही त्या यंत्रावरचा प्रोग्रॅमर बाइट मागत नसे, रेकॉर्ड मागत असे. रेकॉर्ड ८० बाइटचं, ब्लॉक ८०० बाइटचा, अशी नोंद कामाबरोबरच्या कार्डांवर आधीच करून द्यायची. मग ‘पुढचं दे’ म्हटलं की अख्खं रेकॉर्ड हातात. एखादं नाव बफरच्या काठावर अर्धं राहील का, हा प्रश्न तिथे सहसा उद्भवतच नसे, कारण ब्लॉक हा रेकॉर्डांच्या पटीतच कापलेला असे.

ही शिस्त मोडली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने, आणि माझ्या मते तो या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय आहे. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या यंत्रावर ही सिस्टिम सुरू केली. जुलै १९७४ मध्ये दोघांचा लेख प्रसिद्ध झाला, तेव्हा जगाला कळलं की इथे फाइल म्हणजे फक्त बाइटांची रांग. रेकॉर्ड नाही, लांबीची नोंद नाही, ओळ कुठे संपते याचं सिस्टिमला सोयरसुतक नाही. आत डिस्कवर ५१२ बाइटचे ब्लॉक होते, कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, स्वतःचे बफर होते, पण वापरणाऱ्याला त्यातलं काही दिसत नसे. डिस्कवरची फाइल, टर्मिनल, टेप, सगळ्यांना एकाच ‘रीड’ने वाचायचं. बेल लॅब्समधल्याच डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं की, बागेतल्या पाण्याच्या नळीला नळी जोडावी तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये थॉम्प्सन यांनी पाइप प्रत्यक्षात आणला आणि त्या नळीतून वाहू शकेल असं जे काही होतं, ते म्हणजे हे बिनरेकॉर्डाचे बाइट. फाइल रेकॉर्डांची राहिली असती, तर प्रत्येक दोन प्रोग्रॅमांना आधी रेकॉर्डच्या मापावर एकमत करावं लागलं असतं.

मोबदल्यात प्रोग्रॅमरवर एक जबाबदारी आली. ‘रीड’चा करार असा आहे: तू जास्तीत जास्त किती हवेत ते सांग, मी मिळतील तेवढे देईन आणि किती दिले तो आकडा परत करीन, शून्य परत आला तर प्रवाह संपला असं समज. ‘जास्तीत जास्त’ हे शब्द इथे महत्त्वाचे. टर्मिनलवरून वाचताना १००० बाइट मागितले तरी माणसाने एंटर दाबला की तेवढी एकच ओळ मिळते. फाइलच्या शेवटच्या घासाला बफर भरतच नाही. आमच्या नव्या मुलीने तो परत आलेला आकडा पाहिलाच नव्हता. शेवटच्या वेळी हजारेक बाइटच आले, बफरच्या उरलेल्या भागात आधीच्या फेरीतली नावं तशीच पडून होती आणि तिच्या कोडने सगळ्या ८१९२ बाइटांची स्ट्रिंग केली. यादीच्या शेवटी भुतासारखी परत आलेली नावं ती हीच. टाकी अर्धीच भरली असेल, तर वरचा अर्धा भाग पाणी धरून चालत नाही.

सगळ्यांनी मात्र हा करार स्वीकारला नाही. सीपी/एम या मायक्रोकॉम्प्युटरवरच्या सिस्टिममध्ये फाइलची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजली जाई, त्यामुळे मजकूर नेमका कुठे संपला ते सांगायला शेवटी कंट्रोल-झेड हे चिन्ह घालावं लागे. एमएस-डॉसने ती रीत पुढे चालवली. जुन्या डॉसच्या काही फाइली उघडल्या की शेवटी एक अनोळखी खूण दिसते, ती त्या काळातली. माहितीतच शेवटाची खूण घातली की तोच बाइट खऱ्या माहितीत आला तर पंचाईत. संख्या परत करणं त्याहून कितीतरी स्वच्छ.

शेवट ओळखण्याचा हाच पेच सी भाषेत वेगळ्या रूपात आला. एकेक अक्षर देणारं ‘गेटचार’ हे फंक्शन कॅरेक्टर परत न करता पूर्णांक परत करतं. बाइटच्या २५६ किमती होतात, ‘संपलं’ हे सांगायला २५७वी हवी, आणि ती उणे एक. जावा भाषेतल्या ‘रीड’नेही तेच उचललं. परत आलेला आकडा तपासण्याआधीच बाइटमध्ये कोंबला की २५५ आणि उणे एक यांत फरक उरत नाही. मुलाखतीत हा प्रश्न मी अजूनही विचारते.

आता बफर दुसऱ्यांदा का लागला ते. कर्नलकडे त्याचे बफर होतेच, मग प्रोग्रॅममध्ये आणखी एक कशाला? कारण ‘रीड’ म्हणजे साधा फंक्शन कॉल नाही, प्रोसेसरला आपला प्रोग्रॅम बाजूला ठेवून कर्नलमध्ये जाऊन परत यावं लागतं. १ मेगाबाइटची फाइल एकेक बाइट वाचली तर १०,४८,५७६ खेपा; ८१९२च्या बफरने १२८, आणि शेवट कळण्यासाठी आणखी एक. बादलीगणिक पंप चालू-बंद करावा तसला तो प्रकार.

१९७५च्या सहाव्या युनिक्स आवृत्तीत यावरचा उपाय अगदी उघडा दिसतो. एकेक बाइट देणारं ‘गेटसी’ हे फंक्शन वापरायचं तर प्रोग्रॅमरने स्वतः ५१८ बाइटची जागा द्यायची. ५१८ का? ५१२ बाइट माहितीचे. उरलेल्या सहांत दोन फाइलच्या क्रमांकाला, दोन किती बाइट शिल्लक आहेत त्याला आणि दोन पुढचा बाइट कुठे आहे त्याला. आजच्या कुठल्याही भाषेतला बफर्ड रीडर उघडून पाहा, हेच तीन आकडे सापडतील. बेल लॅब्सच्याच माइक लेस्क यांनी हे काम निरनिराळ्या यंत्रांवर चालेल अशा लायब्ररीत बांधलं आणि त्यातून घडलेली स्टँडर्ड आय-ओ लायब्ररी जानेवारी १९७९च्या सातव्या आवृत्तीबरोबर सगळीकडे गेली. तिच्यात ‘गेटसी’ हा चक्क एका ओळीचा मॅक्रो होता: शिल्लक एकने कमी कर, शून्याखाली गेली नाही तर पुढचा बाइट दे, गेली तर बफर पुन्हा भर. इतकी तोकडी ओळ इतकी वर्षं टिकलेली मी दुसरी पाहिली नाही.

नेटवर्कने ‘जास्तीत जास्त’ या शब्दांचा अर्थ आणखी कठोर केला. टीसीपीचं, म्हणजे इंटरनेटवर बाइट पोचवण्याच्या नियमांचं, सप्टेंबर १९८१चं विनिर्देशपत्र स्पष्ट आहे: बाइटांचा क्रम राखला जाईल, पण पाठवणाऱ्याने कुठे तुकडे केले ते पलीकडे कळणार नाही. १९८३च्या बीएसडी ४.२ या युनिक्सच्या आवृत्तीने सॉकेट, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीची टोकं, आणले आणि तोच जुना ‘रीड’ त्यांवरही चालायला लागला. डिस्कवरची फाइल वाचताना बफर बहुतेक वेळा पूर्ण भरतो, म्हणून आळशी कोड वर्षानुवर्षं खपून जातो. सॉकेटवर इथरनेटच्या एका फ्रेमपुरते, म्हणजे एका खेपेत जाणाऱ्या तुकड्यापुरते, १४६० बाइट येतील, कधी तीन फ्रेमचे एकदम, कधी सात बाइट. आमची फाइल नेटवर्कवरून आली असती, तर तिच्या कागदावरचे आकडे ८१९२च्या पटीत पडलेच नसते आणि बग शोधायला आठवडा गेला असता.

२३ जानेवारी १९९६ रोजी जावाची पहिली आवृत्ती आली. फाइलचा स्ट्रीम बिनबफरचा, आणि बफर हवा तर त्यावर दुसरा स्ट्रीम चढवायचा, ही रचना तिथलीच. आमच्या पिढीने इंजिनिअरिंगच्या जर्नलमध्ये ती पाठ करून लिहिली. पण त्या आवृत्तीत बाइटांवरून अक्षरं करायची सोय कच्ची होती; डेटा इनपुट स्ट्रीममधून ओळ वाचणारी मेथड पुढच्याच आवृत्तीत ‘वापरू नका’ म्हणून बाजूला काढावी लागली. फेब्रुवारी १९९७च्या १.१ आवृत्तीत बाइटांसाठी स्ट्रीम आणि अक्षरांसाठी रीडर अशी फारकत झाली. पायथनने हीच फारकत डिसेंबर २००८ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत, जुना कोड मोडण्याची किंमत देऊन केली.

ही फारकत इंग्रजीत काम करणाऱ्याला पंडिती वाटू शकते. मराठीत ती जिवाची आहे.

आपल्याकडे पूर्वी लिपीसाठी १९९१चं इस्की हे मानक होतं, शिवाय डीटीपीचे नाना फाँट होते. त्यांत बहुतेक चिन्हांना एकच बाइट लागे. बफर कुठेही कापा, अक्षर साबूत. म्हणून जुन्या सॉफ्टवेअरमधल्या या चुका कधी वर आल्या नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, गेल्यावर आल्या. ते क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. ‘ठाणे’ म्हणजे ठ, काना, ण, मात्रा: चार चिन्हं, बारा बाइट. आणि बफर असतात ५१२, ४०९६, ८१९२चे, म्हणजे दोनच्या घातांचे. दोनच्या कुठल्याही घाताला तीनने भाग जात नाही! निव्वळ देवनागरीची फाइल घेतली तर ८१९२ बाइटांत २७३० चिन्हं पूर्ण बसतात आणि दोन बाइट उरतात. २७३१व्या चिन्हाचा तिसरा बाइट पुढच्या फेरीत. दुसरा काठही चिन्हाच्या मधूनच जातो, तिसरा जुळतो, मग पुन्हा तेच. मध्ये स्पेस आणि स्वल्पविराम एकेका बाइटचे असल्याने खऱ्या फाइलीत हे गणित सरकत राहतं, पण सरासरी तीनातले जवळपास दोन काठ अक्षर कापतातच.

इथे मला या इतिहासातला सगळ्यात लोभस धागा दिसतो. यूटीएफ-८ ची आखणी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदावर झाली. ती करणारे दोघे, रॉब पाइक आणि तेच केन थॉम्प्सन. वीसेक वर्षांपूर्वी ज्या थॉम्प्सन यांनी फाइलमधल्या सगळ्या सीमारेषा पुसल्या होत्या, त्यांनीच अक्षराची सीमा बाइटांच्या आत लिहून ठेवली. चिन्हाच्या पहिल्यानंतरच्या प्रत्येक बाइटची सुरुवात १ आणि ० या दोन बिटांनी होते, पहिल्या बाइटची कधीच होत नाही. म्हणून बफरच्या शेवटून जास्तीत जास्त तीन बाइट मागे पाहिलं की शेवटचं चिन्ह पूर्ण आहे की तुटलंय ते कळतं. जावाचा रीडर आतल्या आत हेच करतो: तुटके बाइट राखून ठेवतो, पुढच्या फेरीच्या डोक्यावर लावतो.

तिने रीडर वापरला असता तर काम दोन ओळींत झालं असतं. पण मी तिला आधी हातानेच लिहायला सांगितलं: आकडा पाहायचा, काठ तपासायचा, उरलेले एक-दोन बाइट पुढच्या बफरच्या सुरुवातीला न्यायचे. तिने दोन दिवस घेतले. चाचणीसाठी तिने ‘ठाणे’ हा एकच शब्द ठेवला आणि बफर केला पाच बाइटचा, म्हणजे पहिल्याच काठावर काना तुटावा. ती चाचणी पास झाल्यावर तिने बफर तीनचा केला, मग चारचा. ऐरोली स्टेशन जाताना तिने विचारलं, “ताई, एक बाइटचा केला तर?” तो केला की उरलेले बाइट ठेवायलाच जागा पुरत नाही आणि तिचा कोड अडकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने राखीव बाइटांना वेगळी जागा दिली.