प्रोग्राम चालवून थांबण्याची सिद्धता

प्रोग्राम चालवला आणि तो थांबला, की त्या इनपुटपुरते तो थांबतो हे सिद्ध झाले. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंतची नोंद हीच सिद्धता. ती कोणीही कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहू शकतो. प्रश्न उभा राहतो तो प्रोग्राम चालतच राहिला तर. तासभर वाट पाहा की वर्षभर, पुढच्याच पायरीला तो थांबणार नाही याची खात्री नुसत्या वाट पाहण्याने मिळत नाही. मात्र मेमरीतला अंक न् अंक आणि पुढची आज्ञा जशीच्या तशी पुन्हा आली, बाहेरून नवे काही येत नसले, तर तो चक्रात अडकला हे पक्के. मेमरी सतत वाढवत नेणारा प्रोग्राम मात्र या कसोटीत सापडत नाही.

देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांची प्रक्रिया इथे फार बोलकी आहे. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, लागेल तिथे पुढे शून्य धरायचे. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. अशा संख्या ८,९९१ च आहेत. सगळ्यांवर चालवून पाहिले की फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते, हे पूर्णपणे सिद्ध होते.

कोलाट्झच्या प्रश्नात ही सोय नाही. सम संख्या निम्मी करायची, विषम तिप्पट करून एक मिळवायचा, १ आला की थांबायचे; कुठल्याही धन पूर्ण संख्येपासून सुरुवात केली तरी शेवटी १ येतोच का, हा प्रश्न. २७ ही संख्या ९,२३२ पर्यंत चढून १११ पायऱ्यांनी १ वर येते. २ च्या ६८ व्या घातापर्यंतच्या संख्या संगणकावर तपासून झाल्या आहेत, पण संख्या अनंत असल्याने सिद्धता अजून नाही.

कुठलाही प्रोग्राम थांबेल की नाही हे अचूक सांगणारी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही, हे ब्रिटिश गणिती अॅलन ट्युरिंगच्या १९३६ च्या निबंधातील युक्तिवादातून निघते.

चालवण्याची ताकद आणि मर्यादा एकत्र दिसतात ती पाच अवस्थांच्या, दोन चिन्हांच्या ट्युरिंग यंत्रांत. ट्युरिंग यंत्र म्हणजे लांबच लांब फितीवर एकेक चिन्ह वाचत-लिहीत, ठरलेल्या नियमांनी एका अवस्थेतून दुसरीत जाणारा कल्पनेतला साधा संगणक. कोऱ्या फितीवर सुरू होऊन ४,७१,७६,८७० पायऱ्यांनी थांबणारे यंत्र मार्क्सन आणि बुंट्रॉक यांना १९८९ मध्ये सापडले. ते थांबते हे चालवूनच कळले. याहून उशिरा थांबणारे यंत्र नाही, म्हणजेच त्यानंतरही चालणारी बाकीची यंत्रे कधीच थांबत नाहीत, हे दाखवायला तऱ्हेतऱ्हेचे युक्तिवाद रचावे लागले. ती सिद्धता २०२४ मध्ये पूर्ण झाली आणि कॉक या सिद्धता तपासणाऱ्या संगणक-प्रणालीने ती तपासली.