फ्रेंचमधली नकारार्थी वाक्यं (न… पा)

फ्रेंचमध्ये साधं वाक्य नकारार्थी करायचं तर क्रियापदाच्या आधी न आणि नंतर पा लावतात. झ पार्ल म्हणजे मी बोलतो, झ न पार्ल पा म्हणजे मी बोलत नाही. आपलं नाही शेवटी एकदाच येतं म्हणून मराठी माणूस सुरुवातीला हमखास एक तुकडा विसरतो, बहुतेकदा न विसरतो.

पण खरी मजा पाच्या इतिहासात आहे. जुन्या फ्रेंचमध्ये नुसता न पुरायचा (लॅटिनच्या नॉनमधून आलेला, आणि मुळात आपल्या संस्कृत न चा लांबचा भाऊच). मग जोर द्यायला लोक सोबत एखादी छोटीशी वस्तू जोडायला लागले, पा म्हणजे पाऊल, मी म्हणजे पावाचा चुरा, गूत म्हणजे थेंब. एक पाऊलही चालत नाही, थेंबही पीत नाही, अगदी आपण तीळभरही शंका नाही म्हणतो तसंच. हळूहळू बाकीचे मागे पडले, पा कुठल्याही क्रियापदाला चालायला लागला आणि त्यातला पावलाचा अर्थ गळून गेला. डॅनिश भाषातज्ज्ञ ओट्टो येस्पर्सनने 1917 मध्ये नकाराच्या अशा फेऱ्याबद्दल लिहिलं, म्हणून त्याला आता येस्पर्सनचं चक्र म्हणतात.

चक्र अजून फिरतंय. बोलताना न सर्रास गळतो, मला माहीत नाही हे पुस्तकात झ न से पा असतं पण रस्त्यावर शे पा ऐकू येतं, आणि कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये तर बोलण्यात न जवळजवळ नसतोच. त्यामुळे ऐकताना कान पाकडे ठेवावा, लिहिताना मात्र दोन्ही लिहायचे.

स्वराआधी न मधला स्वर जातो, झ ने पा म्हणजे माझ्याकडे नाही. भूतकाळात पा सहाय्यक क्रियापदाला चिकटतो, झ ने पा माँझे, मी खाल्लं नाही. आणि अं, यून, द्यू, दे हे आर्टिकल (नामाआधी येणारे छोटे शब्द) नकारात नुसतं द होतं, झे द्यू पँ म्हणजे माझ्याकडे पाव आहे आणि झ ने पा द पँ म्हणजे पाव नाही, पण एत्र क्रियापद (मी अमुक आहे मधलं असणे, जवळ असणे नव्हे) असेल तर हा बदल होत नाही आणि इथे भलेभले चुकतात.

पाच्या जागी दुसरे शब्दही येतात, झामे कधीच नाही, रियँ काहीच नाही, पेर्सोन कोणीच नाही. पेर्सोन ने व्हन्यू म्हणजे कोणीच आलं नाही, इथे पा लावायचा नाही. प्ल्यू म्हणजे आता नाही, पण न गाळून बोलले की तोच शब्द अजून हवं की आता नको हे उच्चारावरून ओळखावं लागतं, शेवटचा स ऐकू आला तर सहसा अजून.

तू येत नाहीस का असं कोणी विचारलं आणि तुम्ही येणार असाल तर वी (म्हणजे हो) न म्हणता सी म्हणायचं, म्हणजे आपलं येतोय की!