सॅल्व्हाडोरच्या निर्वासितांनी हक्क भांडून मिळवले

अमेरिकेत एल सॅल्व्हाडोर या मध्य अमेरिकेतल्या देशाच्या लोकांच्या टीपीएसचा (टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस, म्हणजे मायदेशी संकट असेपर्यंत तात्पुरतं राहू देण्याची सवलत) विषय निघाला की बऱ्याच जणांना वाटतं सरकारने दया दाखवली. दया कसली, दहा वर्षं भांडल्यावर मिळालंय ते.

मार्च 1980 मध्ये सॅल्व्हाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरोंना चर्चमध्ये मास (प्रार्थना) चालू असतानाच गोळी घातली, मग 1992 पर्यंत यादवी चालली आणि 75 हजारांच्या आसपास माणसं गेली. शेजारच्या ग्वाटेमालात लष्कराने माया लोकांची गावंच्या गावं संपवली. लोक मेक्सिकोमार्गे उत्तरेला पळाले. आणि अमेरिकेत 1980 मध्येच नवा रेफ्युजी कायदा झाला होता बरं का, कागदावर एकदम चांगला! तरी 1984 मध्ये या दोन देशांच्या लोकांचे आश्रयाचे 3 टक्के अर्जसुद्धा मंजूर झाले नाहीत. कारण सॅल्व्हाडोरच्या लष्कराला पैसा आणि शस्त्रं रेगन सरकारच पुरवत होतं, मग तिथून पळालेल्यांना निर्वासित म्हणायचं म्हणजे आपलाच दोस्त माणसं मारतोय हे मान्य करणं आलं, त्यापेक्षा 'हे पोटापाण्यासाठी आलेत' म्हणून परत पाठवणं सोपं.

रोमेरोंच्या हत्येला दोन वर्षं झाली त्याच दिवशी, 24 मार्च 1982 ला, ॲरिझोनातल्या टुसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने या निर्वासितांना उघडपणे आसरा जाहीर केला. पाद्री जॉन फाइफ, सोबत जिम कॉर्बेट नावाचा क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) रँचवाला. बघता बघता देशभरातली शेकडो चर्चेस आणि सिनेगॉग सामील झाली. सरकारने खबरे घुसवले, ते चर्चच्या मीटिंगांमध्ये बसून टेप करायचे (!), 1986 मध्ये या चळवळीतले आठ जण दोषी ठरले पण सगळे प्रोबेशनवर सुटले.

चर्चवाल्यांचं नाव जास्त होतं, पण माझ्या मते खरी चिवट लढाई निर्वासितांनी स्वतः लढली. लॉस एंजेलिसमध्ये एल रेस्काते, केअरेसेन अशा संस्था उभ्या राहिल्या, लोकांचे अर्ज भरून देणं, कोर्टात उभं राहणं हे सगळं तिथून चालायचं. सरकारी अधिकारी पकडलेल्या लोकांकडून 'स्वखुशीने परत जातो' अशा कागदावर दबाव टाकून सह्या घ्यायचे, त्याविरुद्ध ओरांतेस केसमध्ये 1982 ला कोर्टाने मनाई केली. 1985 मध्ये चर्चेस आणि निर्वासित संस्थांनी मिळून सरकारवरच केस टाकली, 1991 मध्ये तडजोड झाली आणि लाखो लोकांना नव्याने सुनावणीचा हक्क मिळाला. दरम्यान 1990 च्या इमिग्रेशन कायद्यात बोस्टनचे खासदार जो मोकली यांच्या पाठपुराव्याने टीपीएस आलं.

तरी भेदभाव राहिलाच. 1997 च्या 'नकारा' (NACARA, निकाराग्वा आणि मध्य अमेरिकेतून आलेल्यांसाठीच्या) कायद्यात डाव्या राजवटीच्या निकाराग्वातून आलेल्यांना जवळपास थेट ग्रीन कार्ड, आणि सॅल्व्हाडोर-ग्वाटेमालावाल्यांनी मात्र सात वर्षांचा रहिवास आणि परत पाठवलं तर होणारे हाल एकेकट्याने सिद्ध करायचे.